गादी सरकत नाही, उसवते

श्रोतेहो, नमस्कार. कुणी कंबर धरून वाकलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, 'गादी सरकली वाटतं.' गादी हा शब्द अगदी चपखल. दोन मणक्यांच्या मधे असते, भार झेलते. घोळ आहे तो 'सरकली'मध्ये. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. बाहेर चिवट तंतूंचे थर, आत मऊ गर. हे थर उसवले की गर मागे येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकतो. मग कळ कमरेतून थेट पोटरीत. पुन्हा सांगतो, गादी सरकत नाही, उसवते.

आणि हे कळलं कसं, ते ऐकाच. पूर्वी शल्यचिकित्सक कण्याच्या पोकळीतून पांढरट गोळा काढायचे आणि नोंद करायचे, 'कूर्चेची गाठ.' 1932 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला डॉ. जोसेफ बार यांच्या एका रुग्णाचा असाच गोळा डॉ. विल्यम मिक्स्टर यांनी काढला. तपासणीचा शेरा तोच, गाठ. बार यांना तो पटेना. त्यांनी त्या गोळ्याची काचपट्टी निरोगी गादीच्या काचपट्टीशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. ऊती तीच! मग दोघांनी जुन्या 'गाठी' पुन्हा तपासल्या. त्यातल्या कित्येक गाद्यांचेच तुकडे निघाले! 1934 मध्ये त्यांनी 19 रुग्णांवर लेख लिहिला. मथळ्यात शब्द होता, गादी 'फाटणे'. सरकणे नव्हे, फाटणे.

शाळेतल्या सांगाड्यात गाद्या ठळक रंगवायलाच हव्यात, असं मला फार वाटतं. कण्याची जवळपास पाव लांबी त्यांची, आणि मुलं मोजतात नुसती हाडं.

सरकलेली वस्तू माणूस ढकलून बसवायला जातो. म्हणून पाठीवर पाय देऊन गादी 'बसवून' घेतात. तसं करू नका, उसवलेलं दाबून बसत नाही. बाहेर आलेला गर बहुधा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांची कळ 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. दिवस-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका, थोडं थोडं चाला. वस्तू उचलताना गुडघ्यात वाका, ती पोटाशी धरा, आणि उचलता उचलता कंबर पिळू नका.

मात्र लघवी अडली, किंवा कळत नकळत होऊ लागली, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री इस्पितळ गाठा.