आंबोलीला कधी जावं?

नमस्कार श्रोतेहो. मृगाची पहिली सर आली की ओळखीपाळखीचे सगळे मला एकच विचारतात, "आंबोलीला कधी जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै नव्हे.

का, ते सांगतो. पण आधी आमच्या मामांची गोष्ट ऐका.

मामा पुण्याचे, हौशी. जुलैतला एक रविवार गाठून मामींना आणि मला घेऊन निघाले. आंबोलीजवळच्या कावळेसादच्या कड्यावर वारा दरीतून इतक्या जोरात वर येतो की धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, ते त्यांना बघायचं होतं. पोचलो तर समोर पांढरंफटक. स्वतःची चप्पल दिसेना. मामा चाचपडत एका कठड्याला टेकले, छत्री वाऱ्याने कधीच उलटी झालेली. (आंबोलीत छत्री नेणारा माणूस मला कधी समजला नाही. सरळ भिजा, नाहीतर इरलं घ्या!) तर मामा त्या धुक्याकडे बघत म्हणाले, "वा! काय खोली आहे रे! पोटात गोळा येतो." आम्ही पंधरा मिनिटं ती खोली न्याहाळली. मामींनी तर हात जोडले.

शेजारी कणसं भाजणाऱ्या एक मावशी केव्हापासून आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाल्या, "ओ दादानू, दरी थंयसर नाय. तुमच्या पाठी आसा."

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं आणि समोरून हळूहळू आमच्याच गाडीची नंबरप्लेट उगवली. मामा एक अक्षर न बोलता दोन कणसं घेऊन गाडीत जाऊन बसले. उलटा धबधबा काही दिसला नाही. परत आलो तर खोलीत काडेपेटी पेटेना, मिठाचं पाणी झालेलं आणि मोजे तिसऱ्या दिवशीही ओलेच.

तर कारण एवढंच, की अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीवर चढतो, थंड होतो आणि आंबोलीच्या डोक्यावर रिता होतो. उंची साधारण ६९० मीटर आणि पाऊस वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबरच्या तोंडाशी तो ओसरतो, पण जंगलात मुरलेलं पाणी झिरपत असतं. म्हणजे दरी दिसते आणि धबधबेही वाहते असतात. पुन्हा सांगतो, सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर. दिवाळी उलटली की धबधब्यांची धार बारीक होत जाते.

बेडूक बघणाऱ्यांनी मात्र माझं ऐकू नये. त्यांनी भर पावसात, रात्री, विजेरी घेऊनच जावं.

आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमाला गेलात तर कुंडात फरसाण टाकू नका हो. तिथल्या इवल्याशा माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० साली झाली, त्याला शेव लागत नाही. धबधब्याखाली गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी वाजवणाऱ्यांबद्दल मी पुढच्या वेळी बोलेन, आज वेळ संपली.

काडेपेटी तेवढी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नमस्कार.