आरेतला उकिरडा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाट. पाड्यावरची घरं, धूर. मागे उंच इमारतींचे दिवे.]

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पावणेसात वाजलेत, उजाडायचंय अजून. मुंबईत गोरेगावला महामार्ग सोडून रिक्षा आत आरेत वळली की थोड्या वेळाने हॉर्नचे आवाज मागे पडतात आणि कोंबडे ऐकू यायला लागतात. समोर पांढरं दिसतंय त्यात निम्मं धुकं, निम्मा चुलीचा धूर.

मुंबईच्या थंडीची सगळे चेष्टा करतात. स्वेटर कपाटातून निघेपर्यंत ती संपलेली असते. सांताक्रूझला एकदा, २२ जानेवारी १९६२ ला, पारा ७.४ अंशांवर उतरला होता. अजूनही तोच नीचांक आहे. आज तसलं काही नाही. तरी आम्ही ज्या घरी आलोय तिथल्या आजींनी कानाला फडकं बांधलंय आणि शेळ्यांच्या गोठ्याला पडदा लावलाय.

पाड्याचं नाव सांगत नाही. घरातल्यांशी तसं ठरलंय.

[दृश्य : उकिरडा. सुनबाई फावडं मारते. वाफ. जवळून.]

चार दिवसांत आमच्या कॅमेऱ्याला मिळालेलं सगळ्यात देखणं दृश्य हेच. लोक आरेत फुलपाखरं टिपायला येतात, आम्ही उकिरडा टिपला.

फावडं आत गेलं की वाफ येते. आजी म्हणाल्या, "हात घालून बघ." आमच्या ध्वनिमुद्रकाने घातला आणि लगेच काढला. आत शेण, लेंड्या, कोंबड्यांची विष्ठा, पालापाचोळा आणि चुलीची राख एकमेकांवर कुजतायत. त्यातले जिवाणू कामाला लागले की ढीग तापतो, चांगला जमला तर पन्नास-साठ अंशांपर्यंत जातो. या उष्णतेत तणांचं बी मरतं, जंतांची अंडी मरतात.

पावसाळ्यात मात्र ढीग भिजून चिप्प होतो. हवा आत जात नाही, घाण वास सुटतो, कुजणं मंदावतं. म्हणून दिवाळी आटोपली की पहिलं काम उकिरडा परतायचं. वरचं खाली, खालचं वर, कडेचं मध्ये. पिठलं ढवळावं तसं, फक्त चार दिवस लागतात आणि पाठ मोडते.

[दृश्य : कोंबड्या उकिरड्यावर धावतात.]

आता हे बघा. ढीग उकरायच्या दिवशी खुराडं मुद्दाम लवकर उघडतात. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी असते. पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी, डोकं तपकिरी. हे खत तसंच वाफ्यात गेलं तर हुमणी वांग्या-मिरचीची मुळं खाईल. त्याआधी कोंबड्या हुमणीला खातात. या कामासाठी बाजारात औषध मिळतं. इथे ते अंडीही घालतं.

कोंबड्यांची विष्ठा थेट झाडाला देत नाहीत. मुरलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, कोंबडीखतात त्याच्या चार-सहा पट. ताजं घातलं तर रोप जळतं. सुनबाई तिला 'गरम' म्हणतात. रसायनशास्त्र न शिकता इतका नेमका शब्द सापडतो, याचं मला फार कौतुक वाटतं. गरम खत उकिरड्याच्या मधोमध पुरतात आणि थंड व्हायला महिने देतात. शेळीची लेंडी उलट. वरून कडक, सावकाश विरघळणारी, म्हणून ती तोंडलीच्या आणि पपईच्या बुंध्यापाशी जाते. घाई नसलेल्या झाडांना घाई नसलेलं खत.

[दृश्य : तबेला, म्हशी, शेणाच्या पाट्या. कृष्णधवल छायाचित्रांवरून कॅमेरा फिरतो.]

घरच्या पाच शेळ्या आणि डझनभर कोंबड्यांवर एवढा ढीग होत नाही. बाकीचं शेण येतं शेजारच्या तबेल्यातून.

या तबेल्यांची गोष्ट सांगायला हवी. १९४९ मध्ये सरकारने आरे दुग्ध वसाहत उभी केली. शहरातल्या दाटीवाटीच्या गोठ्यांतून म्हशी बाहेर काढायच्या, त्यांना मोकळी जागा, चारा, पाणी द्यायचं, आणि मुंबईला स्वच्छ दूध पुरवायचं. कल्पना दारा खुरोडी यांची, राज्याचे दूध आयुक्त. पुढे १९६३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. तीन हजारांवर एकर जमीन, बत्तीस गोठे, सोळा हजारांच्या आसपास म्हशी. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरू उद्घाटनाला आले. मग सहली यायला लागल्या, सिनेमावाले आले, बागेतल्या बाकांवर प्रेमिक आले.

पाडे त्याआधीपासून इथे होते. वारली, मल्हार कोळी, कोकणा. भातशेती, वाल, कोंबड्या, शेळ्या. म्हशींना १९४९ मध्ये पत्ता मिळाला. पाड्यांना पत्त्यासाठी अजून कागद गोळा करावे लागतात.

त्यात गंमत अशी की याच आरेत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. लोक लांबलांबून तिथे कोंबडीपालन शिकायला येतात. आजींना विचारलं, कधी गेलात का? म्हणाल्या, "ते मला कशाला शिकवतील, माझ्या कोंबड्या झाडावर झोपायच्या."

[दृश्य : खुराडं. फ्लेक्सचा पडदा वाऱ्यावर.]

आता झाडावर नाही, खुराड्यात. जमिनीपासून कमरेइतकं उंच, खाली बांबूचे खांब, वर पत्रा, समोर जाळी. उत्तरेच्या बाजूने गार वारा येतो, म्हणून तिकडे फ्लेक्स. कुणाच्या तरी वाढदिवसाचं आहे. साहेब उलटे लागलेत, जोडलेले हात वर आणि चेहरा खाली. आम्ही तो काढून सरळ लावायची विनंती केली नाही.

पडदा खालून दोन तृतीयांश, वरचा भाग उघडा. थंडीचं सगळं बुजवायचा मोह होतो आणि तिथेच नवखे चुकतात. विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो कोंडला की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, नाक गळतं, मान वाकडी करून शिंकतात. कोंबडीला पिसांची गोधडी आहेच. तिला ऊब कमी पडत नाही, हवा कमी पडते.

[दृश्य : राखेत लोळणारी कोंबडी. अगदी जवळून.]

ही मेलेली नाही. अंघोळ करतेय.

चुलीची राख आणि सुकी माती एका जुन्या टोपल्यात. कोंबडी आडवी होते, एक पाय हवेत, पंख फुलवून राख आत घेते. डोळा अर्धा मिटलेला. पिसांतल्या उवा राखेने गुदमरतात. मग उठून अंग झटकते आणि काहीच घडलं नाही अशा थाटात निघून जाते.

[निवेदन नाही. पंधरा सेकंद.]

अंडी सध्या कमी आहेत. गिऱ्हाईकं विचारतात, खायला घालत नाही का नीट? कारण खाण्यात नाही, उजेडात आहे. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा-सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत दिवस उणापुरा अकरा तासांचा. पोल्ट्रीवाले पहाटे बल्ब लावतात. आजी लावत नाहीत. "तिला पण सुट्टी," एवढंच.

[दृश्य : वालाचा मांडव. दव. सुनबाई फडक्यातून राख झाडते.]

तीच राख इथेही. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसलाय. काळे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे, एकाला एक चिकटून. ढगाळ दोन दिवस गेले की वाढतो. पानांवर दव असतानाच राख झाडायची म्हणजे ती धरून राहते. ऊन चढल्यावर केलं तर निम्मी वाऱ्यावर जाते, उरलेली नाकात.

मांडवाखाली मुळा, लाल माठ, मेथी आणि कोथिंबीर. कोथिंबिरीच्या वाफ्यावर बोरीच्या काट्या अंथरल्यात. उकिरड्यावर जी कोंबडी कामगार असते, ती वाफ्यात शिरली की दरोडेखोर होते. पंधरा दिवसांची मेहनत पाच मिनिटांत उकरून टाकते. मधल्या सुनबाईंचं आणि आजींचं यावरून वाजतं. कोंबड्या आजींच्या, कोथिंबीर सुनबाईंची. आम्ही होतो तेव्हाही वाजलं, पण ते ठेवलेलं नाही.

जुड्या पहाटे बांधून रिक्षाने गोरेगाव स्टेशनकडे जातात. तिथलं चित्रीकरण जमलं नाही.

[दृश्य : गोठा. दोन दिवसांचं करडू उभं राहायचा प्रयत्न करतं.]

शेळी साधारण दीडशे दिवसांनी विते. भर पावसात माजावर आलेली शेळी आता थंडीत व्याली, एक नर, एक मादी. रात्री अडीच वाजता. कॅमेरा तेव्हा कांदिवलीत झोपला होता.

सकाळी आलो तेव्हा दोघं गोणपाटावर, खाली भाताचा पेंढा. नाळ कापून आयोडीन लावलेलं. पहिल्या तासातच चीक पाजलेला. रोगाशी लढायची ताकद करडाला त्या चिकातूनच मिळते, उशीर झाला तर आतडं ती घेईनासं होतं. वार खोल पुरली, वासावर कुत्री येऊ नयेत म्हणून. कुत्री, आणि इतर मंडळी.

शेळ्यांना सकाळी लवकर सोडत नाहीत. दवाने ओल्या गवताच्या शेंड्यांवर जंतांच्या अळ्या चढून बसतात, ऊन पडलं की खाली उतरतात. म्हणून नऊपर्यंत दावणीला सुकं गवत. कार्तिकात कापून, वाळवून, माळ्यावर रचलेलं. ते फेब्रुवारीपर्यंत पुरवायचंय, त्यामुळे मोजून मोजून निघतं.

[दृश्य : वाघोबाचं ठाणं. शेंदूर, झेंडू सुकलेला.]

इतर मंडळी म्हणजे हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आरेला लागून आहे. बिबट्याला मधली हद्द माहीत नाही. वाघबारशीला पाड्यावर वाघोबाला नारळ दिला, कोंबडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराला नवी कडी बसवली. दोन्ही मनापासून. बिबट्या आमच्या कॅमेऱ्यात आला नाही, मागच्या अंगणातल्या मातीत पंजा मात्र आलाय.

[दृश्य : पंजाचा ठसा. मग दूरवर मेट्रोचे रूळ, पत्र्याची भिंत.]

मेट्रो ३ च्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली कुटुंबं हलवली गेली. त्यांना इमारतीत घरं मिळाली. इमारतीत उकिरडा नसतो.

[दृश्य : तिन्हीसांजा. आजी खुराड्यासमोर. "या या या" अशी हाक.]

सहा वाजून गेलेत. मूठभर तांदळाची कणी टाकून आजी मोजतात. मोजताना बोटं वापरत नाहीत, रंग वापरतात. लाल, दुसरी लाल, कवडी, काळी, लंगडी. अकरा. एक कमी. सुनबाई मांडवाखाली बघून येते, आजी गोठ्यात बघतात. बारावी सापडते गवताच्या माळ्यावर, पेंढ्यात रुतून. पिसं फुगवलेली, हात नेला तर टोचते. खुडूक झालीय. पोटाखाली सात अंडी, कुणाकुणाची. म्हणजे अंडी अगदीच बंद नव्हती, आम्हाला दिसत नव्हती.

आजी तिला उचलत नाहीत. थोडा पेंढा सारखा करतात, पाण्याची वाटी ठेवतात आणि बोटांवर हिशेब करतात. एकवीस दिवस. जानेवारीच्या मध्याला पिल्लं.

[दृश्य : खुराड्याचं दार. कडी. दिव्याचा झोत जाळीवर.]

मग आमच्याकडे वळून म्हणतात, "तो दिवा बंद कर रे बाबा. त्यांना वाटेल उजाडलं."

[काळोख.]