बत्तीस बोर आणि न थांबणारा माणूस

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘स्वसंरक्षणासाठी छोट्या बोरचं हत्यार पुरतं का?’ तो वाचून काल कार्यवाहांना कोणीतरी फोन केला म्हणे, की वक्ते हत्यार घेऊन येणार आहेत का. नाही. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर आहे. चष्म्याच्या घराचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

मी नेमबाजी शिकवतो. मूळचा पॉइंट टू टूवाला, म्हणजे .२२ बोरचा माणूस. बोर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात; .३२ला आपण बत्तीस म्हणतो. तेव्हा छोट्या गोळीला मी नावं ठेवतोय असं समजू नका. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, ते याच बोरवर. फक्त एक फरक आहे. कागदाचं लक्ष्य कोयता घेऊन अंगावर धावून येत नाही.

२०१६च्या शस्त्र नियमांपासून परवान्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे सराफ, डॉक्टर, बिल्डर, बागायतदार असे सगळे आमच्याकडे येतात. एक बागायतदार आले होते. नाव सांगत नाही, या सभागृहात त्यांचे पाहुणे असतील. परवाना जुना, रिव्हॉल्व्हर जुनं, आणि काडतुसं त्याच दिवशी घेतलेली, एकोणीस वर्षांपूर्वी. कातडी पट्ट्यात खोचून ठेवलेली, पितळेवर हिरवा थर. बुडावरचा ‘केएफ’ शिक्का, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचा, नखानं खरवडून वाचावा लागला. सहा भरली. चार उडाली, दोन नुसतं ‘टक’ करून गप्प. आणि उडालेल्या चारांपैकी सात पावलांवरच्या माणसाएवढ्या पुठ्ठ्याला लागली एक. कुठे, तर कानाच्या बाहेरच्या बाजूला. पुठ्ठ्याच्या कानाच्या. बागायतदारांनी शांतपणे रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि मला विचारलं, “सर, बत्तीस बोर पुरतं ना?”

तो प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षं फिरतोय. आज तुमच्या तावडीत सापडलोय, की तुम्ही माझ्या, ते शेवटी ठरवू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे घरोघरी, म्हणजे ज्यांच्या घरी आहे त्यांच्या घरी, बत्तीसच का असतं? कोणी शास्त्रज्ञानं बसून ठरवलं का, की भारतीय माणसाला एवढं पुरे? अजिबात नाही. इंग्रजांच्या वेळेपासूनचं धोरण असं, की सैन्याच्या बोरचं हत्यार नागरिकाच्या हाती नको, म्हणजे पलटणीतून पळवलेलं काडतूस त्याच्या नळीत बसणार नाही. म्हणून नाइन एमएम प्रतिबंधित, .३८ प्रतिबंधित, .३०३ प्रतिबंधित. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये उरलं काय? मुख्यतः .३२ आणि .२२. तुम्ही दुकानात जाऊन बोर निवडत नाही, मंडळी. तुमच्या आजोबांच्या आधीच कोणा साहेबानं ती निवडून ठेवलीय. .३२चं लांब काडतूस तर १८९६ सालचं आहे. त्याच्या वयाचं दुसरं काही घरात असेल तर ते देवघरात असतं.

२०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीनं बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं. हलकं, अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. बोर? पुन्हा तेच, बत्तीस. माझ्याकडे एक भगिनी प्रशिक्षणाला आल्या होत्या, आमच्या साध्या बत्तीसचा चाप त्यांना एका बोटानं ओढेना. दोन बोटं लावली, नळी डावीकडे गेली. म्हणाल्या, “सर, यापेक्षा कुकरचं झाकण बरं.” मी म्हटलं, ताई, फेकून मारायला खरंच बरं.

आता माझी एक तक्रार ऐकून घ्या, विषयाला सोडून आहे पण पोटात आहे. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की परवानाधारकानं हत्यार ठाण्यात जमा करायचं. नियमानं कोणाचं जमा करायचं ते छाननी समिती ठरवते, सरसकट नाही. प्रत्यक्षात फोन येतो, “साहेब, आणून टाका.” आणून टाकलं. २०२४ साली लोकसभा झाली, विधानसभा झाली. हत्यार घ्यायचं भीतीपोटी, आणि गावात वातावरण तापलं, भीतीचा हंगाम आला, की ते ठाण्याच्या कपाटात! परत आणायला गेलो तर पावतीवर नंबर एक, चिठ्ठीवर भलताच. माझं रिव्हॉल्व्हर म्हणून त्यांनी मला दुसऱ्याच कोणाचं दाखवलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. घेतलं असतं तर आज हे व्याख्यान वेगळ्या ठिकाणी झालं असतं. असो.

तर बत्तीस. बत्तीस बोरची जगातली सगळ्यांत गाजलेली गोळी ६ सप्टेंबर १९०१ला बफेलो शहरात सुटली. तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करत उभे होते. रांगेत एक माणूस आला, हाताला रुमाल गुंडाळलेला. लोकांना वाटलं, हात भाजलाय बिचाऱ्याचा. रुमालात बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. दोन गोळ्या, अगदी अंगाला भिडून. एक वरवर लागली, दुसरी पोटातून जठर फोडून गेली आणि डॉक्टरांना सापडलीच नाही. त्याच प्रदर्शनात एक्स-रेचं नवंकोरं यंत्र मांडलेलं होतं, ते वापरलं नाही. अध्यक्ष मधे सुधारले, खाऊपिऊ लागले, पेपरात बरं वाटल्याच्या बातम्या आल्या, आणि १४ तारखेला पहाटे गेले. आठ दिवस. हा आठ दिवसांचा आकडा लक्षात ठेवा, मी शेवटी मागणार आहे.

मॅकिन्ली गेले म्हणून उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाले. आता अकरा वर्षं पुढे. १९१२, रूझवेल्ट पुन्हा निवडणुकीला उभे, १४ ऑक्टोबरची संध्याकाळ, मिलवॉकी शहर. हॉटेलातून बाहेर पडून उघड्या मोटारीत उभं राहून टोपी हलवतायत. गर्दीतून श्रँक नावाच्या माणसानं .३८ रिव्हॉल्व्हर झाडलं. हा श्रँक पुढे म्हणाला की मॅकिन्लींचं भूत माझ्या स्वप्नात आलं आणि रूझवेल्टकडे बोट दाखवून म्हणालं, सूड घे. म्हणजे बत्तीसनं मारलेल्या माणसाच्या भुतानं अडतीसची शिफारस केली! भुतालाही अनुभवानं बोर कळली.

गोळी लागली छातीत, उजव्या बाजूला. पण वाटेत खिशात काय होतं? एक, चष्म्याचं पोलादी घर. सांगितलं होतं ना. आणि दोन, त्या संध्याकाळच्या भाषणाचा कागद. पन्नास पानं, मधे दुमडलेली, म्हणजे गोळीला शंभर कागद. घर आणि भाषण दोन्ही भोकसून गोळी बरगडीपाशी जाऊन बसली. रूझवेल्ट शिकारी माणूस. त्यांनी तळहातावर खोकून पाहिलं, रक्त नाही, म्हणजे फुप्फुस शाबूत. डॉक्टर म्हणाले इस्पितळात चला, हे म्हणाले सभागृहात चला. मंचावर गेले, कोट उघडून रक्तानं भरलेला शर्ट दाखवला, भोक पडलेले कागद हातात घेतले आणि सुमारे दीड तास बोलले. त्या सभेच्या अध्यक्षांनी त्यांना चिठ्ठी पाठवली होती की नाही, याची इतिहासात नोंद नाही.

मी हे घरी सांगतो तेव्हा बायको म्हणते, तुमची भाषणं त्यापेक्षा लांब असतात, तुम्हाला तोफेचा गोळासुद्धा लागायचा नाही. गंमत सोडा. ती गोळी काढली नाही. पुढे सव्वासहा वर्षं छातीत वागवून १९१९च्या जानेवारीत हा माणूस झोपेत गेला, दुसऱ्याच कारणानं.

यातून लोक काढतात तो निष्कर्ष असा, की गोळी मोठी पाहिजे. मग सिनेमात गोळी लागलेला खलनायक मागे उडून काचेतून बाहेर पडतो ना, तसा धक्का पाहिजे. त्याचा हिशोब करून टाकू. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. बुमराहनं ताशी १४० किलोमीटरनं टाकला तर त्यात सुमारे १२० ज्यूल ऊर्जा. .२२ची गोळी अडीच ग्रॅमची, पिस्तुलातून सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास. किती झाले? ११५च्या आगेमागे. सख्खे भाऊ! आपलं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर दीडशेच्या आतबाहेर. नाइन एमएम पाचशेच्या जवळ. आणि धक्का म्हणाल, म्हणजे वजन गुणिले वेग, तर चेंडूचा धक्का नाइन एमएमच्या दुपटीहून जास्त. यष्टीमागे तोच चेंडू दोन हातांत घेणारा पंत कधी काचेतून बाहेर पडलाय? गोळी माणसाला ढकलत नाही. ती भोक पाडते. भोक कुठे पडलं आणि किती खोल गेलं, सगळा खेळ तेवढाच.

आली. चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अध्यक्ष महोदय, मूळ मुद्दा तर अजून... बरं. दहाची सात धरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मारणं आणि थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. समोरचा कोयता घेऊन येतोय. तुम्हाला तो मरायला नकोय, तो आत्ता, या क्षणी थांबायला हवाय. शरीर ताबडतोब थांबतं ते मेंदू किंवा मणक्यातला मज्जारज्जू फुटला तर. बाकी ठिकाणी रक्त जाऊन थांबायचं. हृदय फुटलं तरी मेंदूत आधीचा प्राणवायू असतो, दहा-पंधरा सेकंद माणूस हातपाय चालवू शकतो. सात पावलांवरून कोयतेवाला तुमच्यापर्यंत पोचायला दीड-दोन सेकंद लागतात. गणित तुम्हीच करा.

तिसरा प्रकार मनाचा. आवाज झाला, लागलं, घाबरला, बसला. बहुतेक माणसं अशीच थांबतात, आणि इथे बत्तीस काय, बावीससुद्धा काम करतं. पण ज्यानं थांबायचं नाही ठरवलंय, किंवा जो शुद्धीतच नाही, तो? अमेरिकेत एका पोलीस प्रशिक्षकानं सुमारे अठराशे गोळीबारांची टिपणं जमवून २०११ साली मांडली. कितीही गोळ्या लागून न थांबलेली माणसं: .२२ला ३१ टक्के, .३२ला ४० टक्के, नाइन एमएमला १३, .४५ला १४. बत्तीसची उदाहरणं त्यात मोजकी होती, तेव्हा ३१ की ४० यावर भांडू नका. पण पायरी बघा. नाइन एमएम आणि .४५ एकाच पायरीवर, आणि आपली बोर एक मजला खाली. मोठ्यातल्या मोठ्या बोरचा हट्टही फोल आणि आपल्या बत्तीसचा विश्वासही फोल.

बरं, नाइन एमएमही देव नव्हे. ११ एप्रिल १९८६, मायामी. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नाइन एमएमची गोळी दंडातून छातीत गेली, हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढतच राहिला, एफबीआयचे दोन अधिकारी मेले, पाच जखमी. त्यानंतर त्यांनी नियम केला, गोळी जिलेटिनमध्ये, म्हणजे मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या लगद्यात, किमान बारा इंच गेली पाहिजे. आपल्या बत्तीसच्या बोथट शिशाच्या गोळीकडून मी अशी हमी घेणार नाही.

आता तो आठ दिवसांचा आकडा. बत्तीसनं मॅकिन्लींना मारलं, आठ दिवसांनी. १९६८ साली रॉबर्ट केनेडी .२२नं गेले, दुसऱ्या दिवशी. छोटी बोर मारते हो, चांगलीच मारते. फक्त इस्पितळात मारते. म्हणजे आपल्या कायद्यात तुमचे हाल दोन्हीकडून. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि बत्तीस? समोरचा थांबत नाही म्हणून तुम्ही दुसरी झाडता, तिसरी झाडता, चौथी त्यानं पाठ फिरवताना लागते. त्यानं तोवर तुम्हाला कोयता घातलेलाच असतो. मग आठव्या दिवशी तो इस्पितळात जातो आणि तुमचा वकील कोर्टात पाठीवरच्या त्या चौथ्या भोकाचा अर्थ समजावत उभा राहतो. माझा आक्षेप हा आहे: हे हत्यार दुबळं असतं तरी चाललं असतं, ते चुकीच्या वेळी जबर आहे.

मग पुरतं का? ज्याला जीव प्यारा आहे त्याला हाकलायला पुरतं. ज्याला नाही त्याला थांबवायला पुरत नाही, आणि रात्री दोन वाजता दारात कोण उभा आहे ते तुम्हाला कळत नाही. नळी दिसल्यावर पळणारा बाहेरचा दिवा लागल्यावरही बहुधा पळतोच, म्हणून मी सराफांना आधी लोखंडी दार आणि दिवे सांगतो. ते नाराज होतात, त्यांना प्रमाणपत्र हवं असतं. ज्यांच्याकडे बत्तीस आहेच त्यांनी महिन्यातून एकदा रेंजवर या. सराव... हो, हो, दिसली दुसरी चिठ्ठी. कार्यवाह, तुमचं अक्षर सुंदर आहे.

आभार मानणारे गृहस्थ उभे राहिलेत, शाल तयार दिसतेय. फक्त एक सूचना. परवा एका व्याख्यानानंतर तीन जणांनी रुमालात बांधून जुनी काडतुसं माझ्या हातात ठेवली, सर, तुम्हीच विल्हेवाट लावा म्हणून. कृपा करून तसं करू नका. परवाना घेऊन ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जा. माझ्या पिशवीत सापडली तर आत मी जाईन, आणि रुमाल तुमचा असेल.