रायफल वाढत्या अंगाची घेऊ नका

(बेळगावात नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पालक बरेच आलेत, मागे एनसीसीची पोरंपोरीही दिसतायत. सुरुवात एका जुन्या लाकडापासून करतो.

मी फौजेत आर्मरर होतो. हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची, ज्याची त्याच्या हाती नीट द्यायची, हे माझं काम. कोठारात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली असायच्या. त्यांचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, उलटसुलट करून पाहिला तर काहींच्या लाकडावर एकेक अक्षर ठोकलेलं सापडायचं. एल म्हणजे लांब, अक्षर नसेल तर नेहमीचं माप, एस म्हणजे आखूड आणि बी म्हणजे बँटम, सगळ्यात आखूड. बँटम ही कोंबड्यांची ठेंगणी जात. एका मापात आणि त्याच्या पुढच्या मापात फरक केवढा, तर अर्ध्या इंचाचा. लाखांनी रायफली काढणाऱ्या त्या कारखान्यांनासुद्धा ठाऊक होतं की सगळे शिपाई एका मापाचे नसतात, आणि अर्ध्या इंचासाठी वेगळं लाकूड कापायचा खर्च त्यांनी केला.

आणि आज आपल्या पोरांच्या हातात आपण काय देतो? क्लबात जी असेल ती. एकच रायफल, सकाळी पावणेसहा फुटी मुलगा वापरतो आणि संध्याकाळी तीच आठवीतली पोरगी उचलते. मधे माप बदलायला कुणी अॅलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी चावी, हातात घेत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. खानापूर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे यायची. चणीने लहान, वजन ४५ किलोच्या आसपास. रोज एसटीने यायची, शिस्त अशी की कधी पाच मिनिटं उशीर नाही. पण उभं राहून नेम धरला की दहाव्या-बाराव्या शॉटनंतर नळी डोलायला लागायची, आणि गोळ्या डावीकडे खाली जायच्या. मी म्हटलं, ताकद कमी पडते. तिला दंड काढायला लावले, पाण्याच्या बाटल्या धरून उभं केलं. वडिलांना सांगितलं, दूध-अंडी वाढवा. पाच महिने गेले. पोरगी मुकाट्याने सगळं करत राहिली आणि कमरेत दुखतंय हे तिने मला नाही, तिच्या आईला सांगितलं.

एक दिवस मी तिला बाजूने पाहिलं. रोज मी मागून पाहायचो. बाजूने पाहिल्यावर दिसलं की दस्ता खांद्यात बसतच नव्हता, दंडाकडे सरकलेला होता. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून उजवा खांदा पुढे ओढलेला, मान लांब करून गाल लाकडाला चिकटवलेला, आणि पुढे जाणारं वजन तोलायला कंबर मागे वाकलेली. दस्ता तिच्या मापापेक्षा जवळजवळ तीन सेंटीमीटर लांब होता. मी दस्ता लांब करणाऱ्या चकत्या काढल्या, बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी मागची पट्टी, आत घेतली. त्या दिवशी ती चाळीस शॉट न थांबता मारून गेली. दोष पोरीचा नव्हता. माझ्या आळसाचा होता, आणि तो पाच महिने तिच्या कमरेने सोसला.

आता हे असं का होतं ते समजून घ्या. १० मीटर एअर रायफलचं वजन नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो चालतं. ही कमाल मर्यादा आहे, पण पुष्कळ जण ती गाठायलाच हवी असं समजतात. पाच किलोची रायफल ८० किलोच्या माणसाला त्याच्या वजनाचा सोळावा भाग. ४५ किलोच्या मुलीला नववा भाग. सामन्यात ६० शॉट, ७५ मिनिटं, आणि प्रत्येक शॉटला ती रायफल पुन्हा उचलायची. नुसते मोजलेले शॉट धरले तरी ३०० किलो उचलून झालं, नेम जमवायचे शॉट वेगळेच. हे वजन स्नायूंनी पेलायचं नसतं. डाव्या हाताचं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं, तळहातावर रायफल, आणि भार हाडाहाडातून खाली पायात उतरतो. शेतात पाण्याची घागर डोक्यावर घेऊन जाणारी बाई मानेने घागर धरत नाही, सरळ कण्यावर ठेवते. तेच इथे.

पण हात आखूड असेल तर कोपर कंबरेवर टेकेपर्यंत रायफल खाली येते आणि डोळ्यापर्यंत पोचत नाही. मग मान खाली जाते. यावर उपाय मान वाकवणं हा नाही. तळहाताखालचा आधार उंच करा, मूठ धरून टेकवायची की बोटं उभी करून टेकवायची ते करून पाहा, बटप्लेट खाली सरकवा म्हणजे रायफल वर चढेल, आणि डायऑप्टरखाली, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या दर्शकाखाली, उंची देणाऱ्या पट्ट्या घाला. माझ्या आर्मरर उस्तादांचं एक वाक्य होतं, डोकं रायफलकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आणायची. हे मी तेव्हा पाठ केलं होतं, कळलं फार उशिरा.

एक सोपी तपासणी घरीही करता येते. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, आत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, नळी भिंतीकडे. मुलाने डोळे मिटून आरामात रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकाकडची पुढची रिंग डायऑप्टरच्या भोकाच्या बरोबर मधे दिसली तर गालपट्टी, म्हणजे गाल टेकवायची पट्टी, बरोबर. वर-खाली, बाजूला दिसली तर गालपट्टी किंवा बटप्लेट हलवायची. डोळे उघडे ठेवून ही तपासणी करू नका, कारण पोरं नकळत मान वळवून जमवून घेतात.

हे एवढं बारीक कशाला, असं कुणाला वाटेल. डायऑप्टर आणि पुढच्या रिंगेत साधारण ८० सेंटीमीटर अंतर. लक्ष्य १० मीटरवर. पुढची रिंग मध्यापासून एक मिलिमीटर सरकली तर लक्ष्यावर साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. लक्ष्यावर एक वर्तुळ दुसऱ्यापासून अडीच मिलिमीटर. म्हणजे पाच गुण गेले. आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा! थकलेली मान तिथे काय टिकणार?

ग्रिपकडे, म्हणजे ट्रिगरच्या हाताने धरायच्या मुठीकडे, पालकांचं लक्ष जात नाही. लहान हाताला जाड ग्रिप दिली की बोट ट्रिगरवर तिरकं पडतं, आणि ओढताना ट्रिगर मागे न येता बाजूला ढकलला जातो. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ पडलं पाहिजे आणि बोटाचा बाकी भाग लाकडाला चिकटता कामा नये. ट्रिगरचं पातं बहुतेक मॅच रायफलींत मागे-पुढे होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर लहान मापाची ग्रिप मिळते, किंवा लाकडी ग्रिप कानशीने घासून घ्या. तोल शेवटी बघायचा. लहान चणीच्या मुलाला नळीकडे जड रायफल देऊ नका, वजन डाव्या हाताच्या जवळ असू दे. पुढचं वजन काढता येतं, पोलादी सिलिंडरऐवजी अॅल्युमिनियमचा बसवता येतो.

विकत घ्यायची असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याकडे जूनमध्ये शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. बाह्या दुमडता येतात, खोंगा घालता येतो, म्हणून ते चालतं. रायफल वाढत्या अंगाची घेऊ नका. दस्ता लांब करायला चकत्या मिळतात, पण कमीत कमी लांबीच जास्त असेल तर चकत्यांनी काही होत नाही. म्हणून दुकानात किंवा जुनी रायफल घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की ही आखूडात आखूड किती होते. आणि पोराला शूटिंग जॅकेट घालून उभं करा. जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, खांद्याजवळ दुहेरी. शर्टावर घेतलेलं माप जॅकेटवर लांब पडतं. जुन्या लाकडी दस्त्याची रायफल सुताराकडून कापून घ्यायची असेल तर थोडं-थोडं कापा, मागच्या तोंडाचा कोन तोच ठेवा, आणि कापलेला तुकडा टाकू नका. पोरगं वाढल्यावर तोच परत स्क्रूने बसेल.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नव्हे. छर्रे शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोराला डबा खाऊ देऊ नका. आणि नळी मोडून भरायची जुनी स्प्रिंगची बंदूक दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात एकट्याने देऊ नका. ती ताणायला ताकद लागते, हात सुटला तर बोटं चेचतात.

आपल्याला फार लांब बघावं लागत नाही. निपाणी ओलांडली की कोल्हापूर. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. आपल्याच पाण्याची, आपल्याच भाषेची माणसं. आपली पोरं मात्र रायफल अंगाला बसत नाही म्हणून सोडून जातात, आणि आपण म्हणतो, झेपलं नाही. हे मला फार लागतं.

म्हणून एक वही करा, शंभर पानी. प्रत्येक पानावर तारीख, मुलाची उंची, आणि मिलिमीटरमध्ये दस्त्याची लांबी, बटप्लेटची उंची, गालपट्टी, ट्रिगरची जागा. बऱ्याच रायफलींवर रेघा कोरलेल्या असतात, नसतील तर पेन्सिलीने आखा. एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि तीस-चाळीस शॉट मारल्याशिवाय निकाल देऊ नका. वाढत्या वयात दर तीन महिन्यांनी सगळं पुन्हा मोजा. सामायिक रायफल असेल तर ही वही आणखी गरजेची, कारण पाच मिनिटांत आपलं माप परत लावता येतं.

त्या खानापूरच्या मुलीची वही माझ्याकडे आहे, आज आणली आहे, नंतर बघा. सात पानं भरलीत. शेवटच्या पानावर, काढलेल्या चकत्यांपैकी दोन परत बसवल्याची नोंद आहे.