फोर्ड मॉडेल ए : क्लच आणि ब्रेकची पेडलं पुन्हा जोडताना

फोर्डच्या मॉडेल टीमध्येही पायाखाली तीन पेडलं होती. पण डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. 1927 च्या डिसेंबरात मॉडेल ए आली आणि फोर्डच्या गाडीत आज आपल्याला सवयीची असलेली मांडणी आली: डावीकडे क्लच, त्याच्या शेजारी ब्रेक. भारतात या गाड्या कॅनडाच्या फोर्डने 1926 मध्ये काढलेल्या उपकंपनीमार्फत आल्या. त्यांची जुळणी मुंबईतही होत असे, आणि त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. म्हणून अमेरिकी आकृती समोर ठेवून काम करणाऱ्याने डावं-उजवं आधी पडताळून घ्यावं.

दोन्ही पेडलं क्लच हाउसिंगमधून (क्लचवरच्या धातूच्या कवचातून) बाहेर आलेल्या एकाच शाफ्टवर फिरतात. शाफ्टच्या टोकाला कॉलर, आणि कॉलरमधून आरपार पिन. ब्रेकच्या पेडलापासून निघालेला रॉड आडव्या शाफ्टला जातो, तिथून चार रॉड चार चाकांना. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, काहीच नाही. पायाचा जोर चाकापर्यंत लोखंडानेच पोचतो, आणि वाटेतल्या प्रत्येक पिनेपाशी थोडी हालचाल वाया जाते.

ती किती, याचा हिशोब करू. पेडलापासून एका चाकापर्यंत चार पिना. प्रत्येक जागी अर्धा मिलिमीटर प्ले (ढिलाई) धरला तर दोन मिलिमीटर झाले. पेडलची तरफ समजा पाचपट असेल, तर पायाखाली एक सेंटिमीटर नुसतं रिकामं. बरेच जण इथे रॉड आखूड करून ब्रेक ‘वर’ आणतात. हे चूक आहे. झीज जिथे झाली तिथेच भरायची असते. रॉडची लांबी बदलली की तरफांचे कोन बिघडतात आणि पाय दाबला तरी जोर कमी पडतो.

म्हणून सुरुवात पिनांपासून. ब्रेकच्या पिना 5/16 इंचाच्या, म्हणजे साधारण 7.9 मिलिमीटर. जुनी पिन बोटांत फिरवली की मधली खाच नखाला लागते. पिना नव्या घालणं स्वस्त आणि सोपं. खरा त्रास भोकांचा, कारण ती लांबट होतात, आणि लांबट भोकात नवी पिन घातली तरी प्ले तसाच राहतो. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावं, आणि शेवटचा हात रीमरचा, म्हणजे भोक अचूक मापाचं आणि गोल करणाऱ्या हत्याराचा असावा. नुसत्या ड्रिलचं भोक गोल दिसतं, पण बहुतेकदा तीन कोपऱ्यांचं असतं.

आता पेडलांचे बुश, म्हणजे पेडल आणि शाफ्ट यांच्यामधल्या धातूच्या नळ्या. जुना बुश प्रेसने किंवा व्हाइसमध्ये योग्य मापाचे दोन सॉकेट धरून बाहेर काढा. हातोड्याने ठोकू नका. शाफ्टची झीज बहुधा एकाच अंगाला होते, म्हणून मायक्रोमीटरने ती तीन-चार ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजा. शाफ्टला पायरी पडली असेल तर नवा बुश घालून पैसे वाया जातील, शाफ्टच बदला.

नवा बुश बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक ग्रीसच्या भोकाची. पेडलला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे, पण बुशचं भोक त्याच्यासमोर आलं नाही तर ग्रीस गन कितीही दाबा, ग्रीस शाफ्टपर्यंत पोचतच नाही. बुश आत बसल्यावर निपलच्या भोकातून बारीक ड्रिल घालून वाट मोकळी करा, चुरा पूर्ण झाडा, आणि मगच रीम करा. क्रम उलटा केला तर ड्रिलने उठलेला काठ शाफ्ट ओरबाडतो. शाफ्ट आणि बुश यांच्यात 0.05 ते 0.08 मिलिमीटर मोकळीक पुरते.

शाफ्टला ग्रीस लावून आतल्या बाजूचं पेडल आधी, मग बाहेरचं, मग कॉलर. बाजूला हलण्याइतका प्ले असेल तर पातळ वॉशर घाला, पण आवळू नका. एक पेडल दाबा: दुसरं हललं, तर दोघं एकमेकांना घासतायत.

क्लचचं काम मोजमापाचं. पेडलला वरच्या टोकाशी पाऊण ते एक इंच मोकळी चाल हवी. तेवढं अंतर गेल्यावरच थ्रो-आउट बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) क्लचच्या बोटांना, म्हणजे आतल्या छोट्या तरफांना टेकलं पाहिजे. फोर्क-एंडची (रॉडच्या काट्यासारख्या टोकाची) पिन काढायची, रॉड फिरवायचा, पिन लावून पुन्हा मोजायचं. क्लच प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. शून्यावर आली की बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेटही घसरू लागते.

पार्ट मागवण्याआधी एवढं पाहाच. नोव्हेंबर 1928 पर्यंतच्या गाड्यांना अनेक प्लेटींचा क्लच होता, नंतर एका प्लेटीचा. 1928 मधल्या सुरुवातीच्या गाड्यांत हँडब्रेक पायाच्या ब्रेकच्याच शूजवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) चालायचा. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या नियमांमुळे तो स्वतंत्र करावा लागला. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे रॉड वेगळे असू शकतात.

रॉड जोडताना सगळ्या तरफा विसाव्याच्या जागी असाव्यात. फोर्क-एंड अशा लांबीवर आणा की पिन न ओढता, न ढकलता आपोआप आत जाईल. ताणून लावली तर ब्रेक सतत घासून ड्रम तापेल. पिन उभी असेल तर डोकं वर ठेवा, म्हणजे तिला अडवणारी दुभंगलेल्या तारेची स्प्लिट पिन गळाली तरी मोठी पिन जागेवर राहते. स्प्लिट पिन नेहमी नवी.

मग गाडी चार स्टँडवर उचलून प्रत्येक चाकामागचा चौकोनी स्क्रू चाक घासेपर्यंत फिरवा आणि मोकळं होईपर्यंत मागे घ्या. सीटच्या फ्रेम आणि पेडल यांच्यात लाकडी टेकू लावून पेडल थोडं दाबून धरा, चाकं हातानं फिरवा. मागची चाकं पुढच्यांच्या किंचित आधी धरायला लागली पाहिजेत.

शेवटी पायाखालच्या फळ्या. पेडलांच्या खाचा घट्ट असल्या तर खाली अचूक लावलेलं पेडल वर अडकतं आणि पूर्ण परत येत नाही. फळ्या बसवल्यावर क्लचची मोकळी चाल पुन्हा मोजा. आधी मोजलेला आकडा आला नाही, तर हात रॉडला लावायचा नाही, खाच तासायची.