राज्य पचवायला लागणारा काळ

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्याचे नाव ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स या कंपनीने तो ऑगस्ट २०१३ मध्ये बाजारात आणला. व्हिडिओ गेम म्हटले की धावपळ, गोळीबार आणि बोटांची चपळाई डोळ्यांसमोर येते. इथे त्यातले काहीच नाही. समोर जगाचा नकाशा असतो, कोपऱ्यात तारीख असते आणि आपण निवडलेले राज्य ११ नोव्हेंबर १४४४ पासून जानेवारी १८२१ पर्यंत सांभाळायचे असते. घड्याळ एकेका दिवसाने पुढे सरकते. त्याचा वेग कमी-जास्त करता येतो, वाटेल तेव्हा ते थांबवून विचार करता येतो, पण मधला एकही दिवस वगळता येत नाही. हे सुमारे १ लाख ३७ हजार दिवस होतात. ते पुरे करायला मला गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा लागला. मिरगाच्या सुमारास मांडलेला डाव दसऱ्याच्या आसपास संपला.

मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ‘१५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला’ हे वाक्य मी किती वर्गांना सांगितले असेल, याची गणती नाही. त्या ‘गेला’ या क्रियापदात नेमके काय काय सामावलेले असते, हे मात्र मी मुलांना कधी उलगडून दाखवले नाही. हा खेळ माझ्या भाच्याने मला शिकवला, आणि त्या एका क्रियापदाकडे पुन्हा पाहायला त्याने मला भाग पाडले. म्हणून आज त्याच्याविषयी बोलावेसे वाटले.

मी विजयनगर निवडले. १४४४ साली तिथे दुसरा देवराय राज्य करीत होता, हेरातचा तैमूरवंशी सुलतान शाहरुख याचा वकील अब्दुर रझ्झाक आदल्याच वर्षी त्याच्या दरबारात येऊन गेला होता, आणि आपला गोवाही तेव्हा विजयनगरच्या अमलाखाली होता. पहिल्या डावात मी घाई केली. बहमनींशी युद्ध पुकारले, चार वर्षांत जिंकले आणि तहात हाताला लागेल तेवढा मुलूख मागून घेतला. नकाशावर माझा रंग उत्तरेकडे पसरला आणि मला वाटले की काम झाले. प्रत्यक्षात ते तिथून पुढे सुरू होणार होते.

या खेळात जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही. तो आपल्या राज्याचा अंगभूत भाग व्हावा, यासाठी कारभाराचे बळ खर्च करावे लागते, आणि ते बळ दर महिन्याला थोडे थोडे साठते. किती साठेल, हे बरेचसे गादीवर कोण बसला आहे यावर ठरते. प्रत्येक राजाला कारभार, राजनीती आणि लष्कर या तीन बाबतींत शून्य ते सहा असे गुण असतात, आणि वारस कसा निघेल ते आपल्या हातात नसते. दुसरीकडे, न पचलेला मुलूख जितका जास्त, तितकी राज्यात गडबड वाढते. वसूल नीट येत नाही आणि बंडे उठतात. शेजाऱ्यांच्या मनात आपल्याविषयीची धास्ती साठत जाते, आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी राज्ये आपल्याविरुद्ध एकत्र येतात. ही धास्ती वर्षाला थोडी थोडी उतरते. तिला घाई करता येत नाही. युद्धात खर्ची पडलेले मनुष्यबळ पूर्ण भरून यायला सर्वसाधारणपणे दहा वर्षे लागतात. तह झाला की पाच ते पंधरा वर्षे दोन्ही बाजूंना शस्त्रसंधी पाळावी लागते. माझ्या त्या डावात १४६० नंतर चार राज्ये एकदम चालून आली, आणि जिंकलेल्यापेक्षा जास्त गमावून मी तो डाव सोडून दिला.

खेळ मराठीत उपलब्ध नाही, त्यामुळे भाच्याशी बोलताना या सगळ्या कल्पनांना मराठी शब्द शोधावे लागत. शोधताना असे ध्यानात आले की सर्वांत महत्त्वाचा भेद दाखवणारे शब्द आपल्या दप्तरांत आधीच आहेत. मराठ्यांच्या राज्यकारभारात ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ असा स्पष्ट फरक केला जाई. जिथे थेट आपला अंमल, आपली वसुली आणि आपला न्याय चालतो ते स्वराज्य. जिथे अंमल दुसऱ्याचा आणि आपला हक्क चौथाई-सरदेशमुखीपुरता ती मोगलाई. १७१९ साली शाहू महाराजांना मिळालेल्या सनदाही स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी अशा वेगवेगळ्या होत्या. फौज जिथवर पोहोचते तो सगळा मुलूख आपला नसतो, हे ते लोक जाणून होते. शाळेत शिकवताना मी चौथाईची टक्केवारी पाठ करून घेत असे. ती व्यवस्था का निर्माण झाली असेल, हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने पडला तो संगणकासमोर, न पचलेल्या सात प्रांतांकडे पाहताना.

आता गोव्याकडे येतो. नकाशावर फोंडा आणि पणजी यांच्यात बोटभरही अंतर नाही, पण पोर्तुगीज सत्तेला हे अंतर कापायला अडीचशे वर्षे लागली. १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हाती आली. फोंडा १७६३ मध्ये, तर पेडणे, डिचोली, सत्तरी १७८० च्या दशकात. मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १६८३ मध्ये व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर आला आणि संभाजी महाराज धावून येताच त्याला माघार घ्यावी लागली. पाठ्यपुस्तकात ‘जुन्या काबिजादी’ आणि ‘नव्या काबिजादी’ (म्हणजे आधी आणि नंतर जिंकलेले मुलूख) हे दोन शब्द एका ओळीत शेजारी छापलेले असतात. मी दुसऱ्या डावात प्रत्येक प्रांतासाठी थांबत, एकेक तह पाळत पुढे गेलो, तेव्हा त्या दोन शब्दांमधली दहा पिढ्यांची लांबी मला प्रथमच जाणवली.

खेळाचा एक नियम मात्र मला मान्य करता येत नाही. नव्याने जिंकलेल्या प्रांतातला फुटीरपणा खेळात तीस वर्षे टिकतो आणि दरवर्षी थोडा थोडा उतरत शून्यावर येतो. तीस वर्षे म्हणजे एक पिढी, असा हिशेब त्यामागे असावा. आपला अनुभव तसा नाही. साष्टी पोर्तुगिजांकडे गेल्यावर चाळीस वर्षांनी, १५८३ मध्ये, तिथल्या कुंकळ्ळी गावचे लोक बंड करून उठले. सत्तरीत दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो १८५२ मध्ये, आणि राणे घराण्याची बंडे त्यानंतरही होत राहिली. माणसाचा रोष दरवर्षी ठरावीक मापाने उतरत नाही. देवळाला हात लागला, जमिनीचा हक्क गेला की चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट कालची होते.

देवळांचा विषय निघाला, तर तो नीट सांगायला हवा, कारण हा खेळ मला सर्वांत अपुरा वाटला तो इथेच. खेळातल्या प्रत्येक प्रांताला एकच धर्म आणि एकच संस्कृती असते. आपण तिथे धर्मप्रचारक पाठवतो. एक पट्टी दर महिन्याला थोडी भरत जाते, आणि ती भरली की सगळा प्रांत एका दिवसात नव्या धर्माचा होतो. माझ्या डावात तारीख १५६० वर आली तेव्हा मी घड्याळ थांबवले. त्याच साली कुशस्थळीचा देव मंगेश झुआरी नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या या आपल्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली. आपण ज्या गावात बसलो आहोत, त्याच्या चारही बाजूंना अशी विस्थापित दैवते आहेत आणि त्यांच्या मागोमाग आलेली घराणी आहेत. खेळात लोक असे स्वतःहून उठून शेजारच्या राज्यात जात नाहीत. तिथला प्रांत एक तर तुमच्या धर्माचा असतो किंवा नसतो. मूर्ती घेऊन रात्री होडीत बसणारा माणूस त्या पट्टीत कुठेच मावत नाही. मला त्या रात्री पुढे खेळवेना.

गावांचेही असेच आहे. कर, उत्पादन आणि मनुष्यबळ अशा तीन आकड्यांत प्रांताची सगळी श्रीमंती मोजली जाते. पण १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी आपल्या गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक कारभाराच्या, रूढी लेखी नोंदवून घेतल्या, तो ‘फोराल’ कशासाठी? खाजन शेतीचे (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतीचे) बांध कोण बांधतो, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे भरती-ओहोटीला कोण सांभाळतो, गावाचे उत्पन्न कोणात कसे वाटले जाते, हे जाणून घेतल्याशिवाय आणि बरेचसे तसेच चालू ठेवल्याशिवाय वसूल येणार नव्हता. राज्य बदलले तरी बांध दर पावसाळ्यापूर्वी गावकारच दुरुस्त करीत होते. खेळातला ‘कर’ हा आकडा अशा अनेक हातांनी बनलेला असतो, हे मुलांना शेजारी बसून सांगणारे कोणी तरी हवे.

घोड्यांच्या व्यापाराबाबत थोडक्यात एवढेच सांगतो की खेळातला प्रत्येक प्रांत एकच माल पिकवतो, तर गोव्याचे मोल पिकणाऱ्या मालापेक्षा बंदरातून जाणाऱ्या मालात होते. होर्मुझहून येणारे घोडे इथे उतरत, आणि म्हणूनच १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने गोवा घेतला तेव्हा विजयनगरला तो घाव खोल लागला.

ज्या मंद गतीचा कंटाळा येतो म्हणून माझे काही विद्यार्थी हा खेळ सोडून देतात, तिच्याविषयी शेवटी एक घटना सांगतो. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा एकदा नव्हे, दोनदा घेतला. पहिल्यांदा घेतलेले शहर मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळवले. आल्बुकर्कची गलबते मांडवी नदीत उतरली, पण पावसाने नदीच्या मुखावरचा बार (वाळूच्या दांड्यावरून समुद्रात जाण्याची वाट) बंद झाला होता, समुद्रात जाता येईना; ऑगस्टपर्यंत तो दोन्ही काठांच्या मध्ये, उपाशी माणसे घेऊन, नदीतच अडकून पडला. नोव्हेंबरच्या २५ तारखेला तो पुन्हा शहरात शिरला. शिकवताना हे तीन महिने मी नेहमी गाळत आलो, कारण त्या काळात ‘काही घडले नाही’. खेळ खेळल्यापासून मला त्याच महिन्यांविषयी अधिक वाचावेसे वाटते: धान्य किती उरले होते, गावकरी कोणाच्या बाजूने होते, वाट पाहणारे एकमेकांशी काय बोलत होते.

शेजारच्या खोलीत संगणक मांडून ठेवला आहे. त्यावर ११ नोव्हेंबर १४४४ ही तारीख आहे आणि घड्याळ थांबवलेले आहे. ज्यांना बसायचे असेल त्यांनी जरूर बसावे. माझी एकच विनंती आहे: घड्याळ सुरू करण्याआधी निदान अर्धा तास नुसता नकाशा पाहावा, गोवा कुठे आहे, त्याच्या उत्तरेला कोण, पूर्वेला कोण, हे शोधावे, आणि मग आपले गाव त्यात कुठे बसेल ते बोटाने दाखवावे. मी तिथे रात्री नऊपर्यंत आहे.