ठेका धरणारी माणसं

१९८० साली दोन मोठ्या रॉक बँडच्या घरात मृत्यू शिरला. १९ फेब्रुवारीला लंडनमध्ये एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला, वय ३३. २५ सप्टेंबरला लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला, वय ३२. दोघांचाही घात दारूने केला. आता तुम्ही सांगा, यातला कोणता बँड संपायला हवा होता? पोस्टरवर चेहरा गायकाचा असतो आणि लोक गाणं गुणगुणतात तेही त्याच्याच आवाजात. पण एसी/डीसीचा नवा अल्बम अवघ्या पाच महिन्यांत, जुलैमध्ये दुकानात आला. झेपेलिनने ४ डिसेंबरला एक छोटंसं पत्रक काढलं आणि बँड थांबवला.

या दोन गोष्टी मी गेली अनेक वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहतोय. माझं मत असं झालंय की बँड नावारूपाला येतो तो पुढे उभ्या असलेल्या माणसामुळे, आणि टिकतो तो मागे ठेका धरणाऱ्यामुळे. आपल्याला हे नवीन वाटू नये. मैफलीला निघालेला जाणकार साथीला कोण आहे ते आधी विचारतो. भजनात बुवांचा आवाज बसलेला असला तरी रात्र निभावते, पण पखवाज ढिला पडला की मंडळी आपोआप उठायला लागतात.

एसी/डीसीचं पाहा. यंग कुटुंब ग्लासगोचं, १९६३ मध्ये ते सिडनीला स्थायिक झालं. धाकटा अँगस शाळेचा गणवेश घालून स्टेजभर उड्या मारतो, त्याला सगळे ओळखतात. त्याचा थोरला भाऊ माल्कम मागे, ॲम्प्लिफायरच्या भिंतीला चिकटून उभा राहायचा. त्याची गिटार मी फोटोंमध्ये बारकाईने पाहिली आहे. ग्रेच कंपनीची जुनी गिटार, वरचा रंग खरवडून काढलेला, आणि आतले पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग, उपटून एकच शिल्लक ठेवलेला. जिथले पिकअप काढले तिथे लाकडात सरळ भोकं दिसतात. तारा जाड. सोलो वाजवायची सोयच त्याने ठेवली नव्हती म्हणा ना! त्याला हवा होता तो एक घट्ट, कोरडा आघात, आणि दोन आघातांमधली स्वच्छ शांतता. ती शांतता आधी ऐका, मग त्यांचं संगीत कळतं.

बॉन गेल्यावर त्याच्या आईवडिलांनीच या पोरांना थांबू नका म्हणून सांगितलं. दोघे भाऊ पुन्हा गिटारी घेऊन बसले. न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन गायला आला आणि बहामामधल्या नासाऊ इथे ‘बॅक इन ब्लॅक’ ध्वनिमुद्रित झाला. मुखपृष्ठ संपूर्ण काळं, मित्राचं सुतक म्हणून. जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बममध्ये आज त्याची गणना होते. गळा बदलला होता, पण माल्कम, ड्रमर फिल रड आणि बेस वाजवणारा क्लिफ विल्यम्स, ही बैठक जशीच्या तशी होती. पुढे २०१४ मध्ये माल्कमला स्मृतिभ्रंशामुळे वाजवणं सोडावं लागलं, तेव्हा त्याच्या जागी त्याचा पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. हे तर सरळ घराण्यासारखंच झालं.

झेपेलिनकडे बॉनम होता, आणि बॉनमला पर्याय नव्हता. १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या वेळी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात त्याचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. तीन मजली जिन्यातून घुमून आलेला तो आवाज आजही अंगावर येतो. असा माणूस गेल्यावर उरलेल्यांनी दुसरा शोधला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. २००७ मध्ये लंडनला ते एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता.

अपवाद आहेतच. द हू या बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला, तरी ते दुसऱ्याला घेऊन पुढे गेले. आणि क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणून क्वीनचा विषय आपल्याकडे निघाल्याशिवाय राहत नाही. तो १९९१ मध्ये गेला. पण गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर दुसऱ्या गायकांना घेऊन क्वीनच्या नावाने वाजवत राहिले. तिथेही गायकाचीच जागा भरली गेली, हे लक्षात घ्या.

आता माझा सर्वांत लाडका माणूस, रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स. २००३ च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले होते. मी गर्दीत होतो. गायक मिक जॅगर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता, आणि मी टाचा उंचावून मागे बसलेल्या चार्लीचा उजवा हात शोधत होतो. हाय-हॅट म्हणजे स्टँडवर बसवलेली झांजांची जोडी. बहुतेक ड्रमर तिच्यावर सगळ्या मात्रा सलग वाजवतात. चार्ली दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा समोरचा ड्रम, वाजवताना उजवा हात झांजेवरून उचलून घ्यायचा. तेवढ्या क्षणापुरती झांज गप्प, आणि स्नेअर एकटा, उघडा ऐकू यायचा. गाण्याला श्वास घ्यायला जागा मिळायची.

हा मुळात जॅझचा वेडा. ग्राफिक डिझायनर म्हणून काम करणारा, १९६३ च्या जानेवारीत स्टोन्समध्ये आला तो अखेरपर्यंत राहिला. हजारोंच्या गर्दीसमोरसुद्धा ड्रम मोजके चार. १९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या पलंगावर झोपला त्याचं रेखाचित्र काढत गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तब्येत बिघडल्यावर, आपल्या जागी मित्र स्टीव्ह जॉर्डन बसेल असं त्याने स्वतःच जाहीर केलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला तो गेला, वय ८०.

स्टोन्स थांबले नाहीत. माझं सगळं म्हणणं इथे अडतं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण जागा चार्लीनेच नेमून दिली होती, आणि जॉर्डन ती अदबीने सांभाळतो. २०२३ मध्ये त्यांचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला, त्यातल्या दोन गाण्यांत आधी मुद्रित करून ठेवलेला चार्लीचाच ठेका आहे. त्यातलं एक मी आता लावतो. जॅगरकडे लक्ष देऊ नका. मनात एक, दोन, तीन, चार मोजा, आणि दोनवर झांज गप्प होते का, तेवढंच ऐका.